माहेरी न आलेल्या लेकीचा चेहरा

आई गेल्यावर काही महिन्यांनी तिचा चेहरा मला आठवेनासा झाला. हात आठवत. माती मळताना अंगठ्याच्या मुळाशी उठणारी शीर आठवे, नखांच्या कडेला बसलेला गेरू आठवे. पण डोळे मिटून तिच्या तोंडाकडे पाहायला जावं, तर तिथे नुसता उजेड असे. उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्याकडे एकटक पाहिल्यावर दिसतो तसा. भिंतीवरच्या फोटोचा उपयोग नव्हता. तो ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. त्यातली बाई कॅमेऱ्याला घाबरलेली आहे, आणि माझी आई कशाला फारशी घाबरत नसे.

मी घाटावर राहते, बुलडाण्यात. तिथल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आईचं गाव घाटाखाली, मोताळ्याच्या बाजूला. एस.टी. घाट उतरू लागली की हवा वळणावळणाला ऊबदार होत जाते, कानांत दडे बसतात आणि बोलणारी माणसं लांब गेल्यासारखी वाटतात. लहानपणी झोप लागताना असंच वाटायचं. त्यामुळे आईकडे जाणं म्हणजे माझ्यासाठी कायम थोडं झोपेत उतरणं होतं, आणि ती असतानाही तिचं घर मला कधी पूर्ण जागेपणी पाहिल्यासारखं वाटलं नाही. पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंती, त्यांवर गेरूचे मोर, आणि त्या मोरांखाली नेहमी गावातलं कोणीतरी बसलेलं.

ती शिकलेली नव्हती म्हणायला हरकत नाही. चौथीचं पुस्तक हातात असतानाच तिचं लग्न झालं. पण अंगणवाडीच्या भिंतीवरची फळं तिने रंगवली, शाळेच्या आवारातला नकाशा तिने रंगवला, त्यात आपलं गाव जरा मोठं काढलं आणि गुरुजींनी विचारल्यावर म्हणाली, "लेकरायले दिसलं पाह्यजे ना." पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची शिंगं रंगवायला दारात रांग लागायची. बुद्धविहाराच्या बायकांना प्रवेशद्वारावर पिंपळपान हवं होतं, तेही तिनेच काढलं. आधी खऱ्या पिंपळाखाली दुपारभर बसून आली, मग काढलं. कोणाच्या घरी बाळंतीण असली, कोणाच्या घरी भांडण असलं, तर आई रंगाचे हात तसेच घेऊन जायची. भांडणाऱ्यांना सांगायची, "जवळ येऊ नका, रंग लागंल." तेवढ्यानेच अर्धं भांडण निवत असे.

पण तिचं खरं काम भाद्रपदात सुरू होई. भुलाबाईचं.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई आणि तिचे भुलोजी घरी येतात. मातीची दोन माणसं. ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं, त्यात त्यांना बसवायचं, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी समोर गाणी म्हणायची. गाणी संपली की डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा, मग तो वाटायचा. त्या खाऊला खिरापत म्हणतात. भुलाबाई म्हणजे कोणी मोठी देवी नाही. सासरहून महिनाभर माहेरी आलेली लेक आहे ती. महिना सरला की तिला पाण्यात सोडून परत पाठवायचं.

गावात मूर्ती करणारे होते, बाजारात रंगीत मिळतही. पण पोरी जमायच्या त्या आमच्या अंगणात, कारण आईच्या भुलाबाईचा चेहरा दर वर्षी वेगळा असे. त्या वर्षी गावातली जी लेक माहेरी येऊ शकली नाही, तिचा चेहरा आई भुलाबाईला देत असे. कोणाला सासरी अडचण, कोणाचं बाळंतपण, कोणी रुसून बसलेली, कोणी या जगातच नसलेली. कोणाचा चेहरा, ते आई आधी सांगत नसे. पुनवेच्या संध्याकाळी मूर्तीवरचं फडकं काढलं की बाया पुढे वाकायच्या, आणि त्यांच्यातली एक मागे सरकून पदर तोंडाला लावायची. मग तो महिनाभर त्या बाईने रोज यायचं, लेकीजवळ बसायचं. खिरापतीचा पहिला घास त्या बाईला.

चेहरा आठवणीतून करायची. उतारवयात डोळ्यांवर सारा आला, मोतीबिंदूचा, ऑपरेशन करूनही नजर नीट परत आली नाही, तेव्हा ती बोटांनी करू लागली. गावातल्या लहान पोरींचे चेहरे ती येता-जाता चाचपून ठेवायची. "काय करून राह्यली वं आजी?" पोरी हसत विचारत. "लिहून ठेवून राह्यली," ती म्हणे. "उद्या तुम्ही नांदायले गेल्यावर मले कुठी सापडसान?"

आमच्या भिंतीला भिंत लागून एका मावशींचं घर आहे. त्या अंगणवाडीत होत्या, आता निवृत्त आहेत. दर पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून विहारात जातात. भुलाबाई त्यांच्याकडे बसत नाही. त्यांची लेक दूरच्या शहरात दवाखान्यात नर्स आहे, आणि साथीच्या त्या वर्षी तिला घरी येणं शक्य नव्हतं. फोनवर बोलतानाही ती तोंडावरची पट्टी काढायला विसरायची. आईने त्या वर्षी पहिल्यांदा आधी विचारून चेहरा केला. मी तिथेच शेंगा फोडत बसले होते.

"तुमच्यात बसवत नाहीत, मले ठावं हाय," आई म्हणाली. "पण यंदा तुह्या लेकीचा चेहरा कराव म्हणतो. तुले चालत नसंल तर सांग, दुसरीचा करीन."

मावशींनी शेंगांच्या टरफलांकडे पाहिलं. "मूर्ती तुमची, चेहरा माह्या पोरीचा. मी नाही कायले म्हणू? पण अक्का, मी हात जोडणार नाही. पह्यलेच सांगून ठेवतो."

"तुले कोण म्हणते जोड म्हणून? लेकीले कोणी हात जोडते काय?"

त्या महिन्यात पोरी अंगणात लांब लांब उभ्या राहून गायच्या, आणि मावशी उंबऱ्यावर बसून मूर्तीला विचारायच्या, "जेवली काय वं? का डबल डूटी लावली आजही?" हात त्यांनी खरोखरच जोडले नाहीत. फक्त कोजागिरीला मूर्ती उचलताना पाटाच्या खाली हात धरला होता, जड आहे म्हणून.

मूर्ती आई कधी गावच्या नाल्यात सोडत नसे. नाला दारापासून जवळ. पण ती मोठ्या धरणावर जायची. आधी बैलगाडीने, मग कोणाच्या ट्रॅक्टरने, शेवटी ऑटोने. लोकांना ती तिची हौस वाटे. मलाही वाटे. एकदा मी घरी आले असताना सुपात कापूस घेऊन सरकी काढत बसली होती, आणि सहज म्हणाली, "तिथं पाण्याखाली माहं माहेर हाय ना. लेक सासरी जाता जाता माह्या घरावरून जाते."

तिचं माहेरचं गाव धरणात गेलं तेव्हा मी पाळण्यात होते. माणसं चहूकडे गेली. तिचे दोन भाऊ कोणत्या कोणत्या गावी जाऊन राहिले आणि पुढे वारले. ज्याला माहेर म्हणावं असं दार उरलं नाही. अवर्षणात पाणी आटलं की चावडीची जोती, आडाचा काठ वर यायचा. लोक ते पाहायला जात, पोरंटोरं फोटो काढत. आई कधी गेली नाही. "उघडं पडलेलं माहेर पाह्यते काय कोणी?" एवढंच म्हणाली होती. भरलेल्या धरणावर मात्र दर कोजागिरीला जायची. पाण्यात गुडघाभर शिरायची, मूर्ती सोडायची, आणि नंतर ओल्या लुगड्याने काठावर बराच वेळ बसून राहायची. पोरी डबा वाजवून कंटाळायच्या. "आजी, चाल ना वं." "हाव, येतो. पोचू द्या तिले."

ती गेली उन्हाळ्यात, पळस झडून गेल्यावर. दुपारी झोपली ती उठली नाही. गावाने तिला जसं नेलं ते मी लिहीत नाही. ते गावाचं आहे.

भाद्रपदात मी भावाकडे गेले. भाऊ धाकटा, शेती करतो, आईच्या घरात राहतो. ओट्यावर पाच-सहा पोरी बसलेल्या होत्या; मला पाहून उठल्या आणि एकमेकींना कोपरांनी ढकलू लागल्या. शेवटी एकीने विचारलं, "आत्या, यंदा बसन काय भुलाबाई?"

भाऊ आतून म्हणाला, "वर्ष व्हायचं हाय अजून. दुखवट्याच्या घरात सण नाही करत. पुढच्या साली पाहू."

तो चुकीचं बोलला नव्हता. वर्षश्राद्धापर्यंत आमच्याकडे घरात गोडधोड नाही, रांगोळी नाही. पोरी ओट्यावरून उतरून गेल्या. पण मला एकाएकी जाणवलं, की यंदा नाही बसली तर पुढच्या साली कोणी विचारायला येणार नाही. आणि दुसरी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. मला चेहरा हवा होता. आईच्या नियमाने पाहिलं, तर यंदा माहेरी न आलेली लेक कोण, हे ठरवायला काही कठीण नव्हतं. सबंध आयुष्यात आईने स्वतःचा चेहरा एकदाही केला नव्हता. मातीत का होईना, तो मला परत पाहायचा होता.

भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला. त्या भांडी घासता घासता सगळं ऐकत होत्या.

"माह्या ओट्यावर बसवा."

भाऊ बाहेर आला. "मावशी, तुमच्या?"

"काऊन? माह्या घरी दुखवटा नाही अन् भुलाबाईही नाही. ओटा रिकामाच हाय. मी पूजा करणार नाही, हात जोडणार नाही. पोट्ट्या गातीन, मी आयकीन."

भाऊ डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "गढीवरून पांढरी माती आणून देतो." तेवढीच त्याची संमती.

माती भिजवली. आई मातीत कापूस कुटायची, म्हणजे वाळताना तडा जात नाही. मीही घरातला कापूस घेतला, पिंजत पिंजत मातीत घातला, आणि मावशींच्या ओट्यावर मळायला बसले. भुलोजी त्यातल्या त्यात सोपे. फेटा घातला की कोणीही पुरुष होतो. भुलाबाईचं धड झालं, मांडी झाली, हात झाले. मग मी तिच्या कोऱ्या तोंडासमोर बसले आणि तोच पांढरा उजेड दिसला. नाक लावलं, काढलं. कपाळ केलं, ते फोटोतल्या घाबरलेल्या बाईचं झालं. ते मोडून पुन्हा गोळा केला.

मावशी तांदूळ निवडत होत्या. "आठवत नाही?"

मी मान हलवली.

"मलेही तिचे हातच जास्त आठवतात," त्या म्हणाल्या. तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "आपलाच चेहरा चाचपून पाह्य. तू तिच्यावरच गेली."

मी डोळे मिटले. ओल्या हातांनी स्वतःचं कपाळ चाचपलं, भुवयांची हाडं, गालाखालची खळगी, हनुवटी. इतकी वर्षं या चेहऱ्याने वावरले, पण तो मला असा कधी माहीत नव्हता. एका हाताने चेहरा, दुसऱ्या हाताने माती. कुठला गाल माझा आणि कुठला मातीचा ते मधूनच कळेना. गालांवर माती वाळून ओढ बसू लागली तेव्हा डोळे उघडले. समोर एक तरुण मुलगी होती. माझ्यासारखी, पण मी नव्हे. आईसारखी म्हणावी, तर आई या वयाची मी पाहिलीच नव्हती.

"नाक तुह्यं झालं," मावशी म्हणाल्या. "असू दे. डोये बरे उतरले."

पुनवेला फडकं काढलं. बाया वाकून पाहू लागल्या. कोणी मागे सरकली नाही, सगळ्या जणी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि मग एक म्हातारी म्हणाली, "हे तर आपल्या गावची नाही वाटत." मला वाईट वाटलं, आणि वाटलं की ते खरंच आहे. ती पाण्याखालच्या गावची होती. कोणाचा चेहरा आहे ते मी सांगितलं नाही. पोरी गाऊ लागल्या. त्या संध्याकाळपासून कोजागिरीपर्यंत मी घाटावर परत गेलेच नाही. दिवसा मी आईच्या खोलीत वाचत पडे, संध्याकाळी मावशींच्या ओट्यावर येऊन बसे, आणि रोज त्या चेहऱ्याकडे पाहून मनात म्हणे, अजून नाही आलीस.

त्या पंधरवड्यात पाऊस लागून राहिला. ऊन नव्हतं, मूर्ती आतून वाळेना. एका संध्याकाळी पोरींचं गाणं मध्येच थांबलं.

"आत्या, भुलाबाईच्या कानातून पाला निघाला."

दिवा जवळ धरून पाहिलं. कानामागून हिरवी दोन दलं डोकं वर काढून उभी होती. खांद्यावर आणखी एक. मला समजेना. भावाला हाक मारली. तो आला, वाकला, आणि बऱ्याच दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

"कपाशी हाय ही. सरकी काढली नाही काय तू?"

मला सुपात बसलेली आई आठवली. तास तास सरकी काढत असायची ती. मला ते नुसतं हाताला लागलेलं काम वाटायचं.

"शेतकऱ्याची लेक," भाऊ म्हणाला, "अन् सरकीसकट कापूस मातीत कालवला. पुस्तकात नसंल लिहिलं."

"राहू दे रे," मावशी म्हणाल्या. "वऱ्हाडातली भुलाबाई हाय. कपाशी नाही तर काय केशर उगवन तिले?"

पोरी हसून लोळू लागल्या. कोणी म्हणे निंदायला या, कोणी म्हणे फवारणी करा. मी मात्र हसत नव्हते. कोंबाने वर येताना गाल फोडला होता. उजव्या कानापासून निघालेला एक बारीक तडा, नाकाच्या बाजूने वळण घेऊन ओठाच्या कोपऱ्याशी थांबलेला. मी बोट ओलं केलं, तडा बुजवायला पुढे झाले, आणि हात तसाच राहिला.

आई रंगवताना दुसरा कुंचला दातांत धरायची. उजव्या बाजूला. साऱ्या जन्माची सवय. त्यामुळे उजव्या गालावर एक सुरकुती पडली होती, नाकाजवळून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, डावीकडे नसलेली. कुंचला नसला तरी ती काहीतरी धरून आहे असं वाटायचं, आणि बोलायच्या आधी तो कोपरा किंचित हलायचा. मी तरुण मुलगी केली होती. मातीने तिला म्हातारी केली होती. दिव्याच्या हलत्या उजेडात तो कोपरा हलला असं मी म्हणणार नाही. पण ती आली. सगळी आली, पापण्यांसकट, कपाळावरच्या गोंदणासकट, जे मी केलंही नव्हतं.

मागे कोणीतरी हुंदका दिला. भाऊ होता. भिंतीला टेकून खाली बसला आणि एवढंच म्हणाला, "माय हाय ना ही."

मावशींनी खिरापतीचा पहिला घास त्याच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्या.

तडा मी बुजवला नाही. उरलेले दिवस मी तिच्यासमोर बसून काढले, आणि कोजागिरी जवळ येऊ लागली तसं मला काय होतंय ते मलाच कळू लागलं. मला ती सोडायची नव्हती. काचेच्या पेटीत ठेवावी, घाटावर न्यावी, असं मनात येई. बुलडाण्यात ठेवता येईल अशी जागाही मी ठरवली, पुस्तकांच्या कपाटावर, खिडकीपासून लांब. कोजागिरीच्या दुपारी मी मावशींना ते बोलून दाखवलं.

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "त्या साली मीही म्हटलं होतं अक्काले. माह्या पोरीले पाण्यात नको टाकू, मले दे, मी कोनाड्यात ठेवतो."

"मग?"

"म्हणे, ठेव. पण मंग ते येणार नाही. इथंच हाय समजून तू वाट पाह्यनं सोडून देशीन."

मूर्तीकडे न पाहता त्या पुढे म्हणाल्या, "अन् ही तर सासरी चालली नाही. हिले कुठी पोचवायची हाय, तुले ठावंच हाय."

ऑटोत पोरी दाटीवाटीने बसल्या, मी पाट मांडीवर घेतला. धरणावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पाणी काठोकाठ होतं. पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे झोपलेले. भाऊ आणि मी गुडघाभर पाण्यात गेलो. मावशी मागून आल्या, पातळ वर न धरता, आणि पाटाला खालून हात लावला. हात त्यांनी जोडले नाहीत. "जड हाय," म्हणाल्या.

भुलोजी आधी गेले. तिला मी शेवटपर्यंत धरून होते. माती बोटांखाली मऊ होऊ लागली, गाल आधी, मग ती सुरकुती, मग कपाळ. माझ्या हातांत ती हळूहळू नुसती ऊब राहिली आणि मग तीही राहिली नाही. पाणी थोडं पांढुरकं झालं. कपाशीचे कोंब आडवे होऊन तरंगले. आणि जरा वेळाने खालून कापूस वर आला, धाग्याधाग्याने, आणि पाण्याच्या मध्याकडे जाऊ लागला, जिथे कधी आड होता, चावडी होती, आणि चौथीचं पुस्तक हातात धरलेली एक मुलगी होती.

आम्ही काठावर बसलो. पोरींनी डबा वाजवला, ओळखलं, पुन्हा वाजवला.

"आत्या, चाला ना."

"येते," मी म्हणाले. "पोचू द्या तिला."